कुंड्यांना पाणी: आनंद की कटकट, हे कुंडी निवडतानाच ठरतं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर पंचेचाळीसेक कुंड्या आहेत. भाजी, गुलाब, मोगरा, कढीपत्ता, थोडी शोभेची झाडं. पाणी घालायला रोज सकाळी पाऊण तास लागतो. घरात एकाला तो दिवसातला सगळ्यात छान वेळ वाटतो, तर दुसऱ्याला डोक्याला ताप. ठिबक आणि टाइमर बसवावा का? बसवला तर बागेतली मजा जाईल का?

ठिबक बसवा, पण सगळ्या कुंड्यांना नको, आणि त्याआधी दुसरी दोन-तीन कामं करा. पाणी घालताना आपण दोन वेगळी कामं एकदम करत असतो: पाणी वाहून नेणं आणि झाडं पाहणं. पहिलं हमालीचं काम आहे, त्यात कुणाला आनंद मिळत नाही. दुसऱ्या कामासाठी तर बाग केली. कंटाळा येतो तो बहुतेक वेळा पहिल्याचा, आणि त्याच्या नादात दुसरं राहून जातं.

आधी पाण्याचा हिशेब करू. १ मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे दर चौरस मीटरमागे १ लिटर पाणी. पुण्याकडे एप्रिल-मेमध्ये भरपूर पाणी मिळणारं हिरवं पीक दिवसाला साधारण ६ ते ७ मिमी पाणी उडवतं, डिसेंबर-जानेवारीत ३ ते ४. कोकणात हवा दमट असल्यामुळे उन्हाळ्यातही आकडा ५ च्या आसपास राहतो. विदर्भात मे महिन्यात तो याहून बराच वर जातो. कुंडीच्या बाबतीत हा हिशेब कुंडीच्या तोंडावर करायचा नाही, पानांच्या घेरावर करायचा. टोमॅटोच्या झाडाच्या घेराचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर होतं. गुणिले ६ म्हणजे दिवसाला सुमारे १.७ लिटर. गच्चीचा तापलेला स्लॅब आणि वारा धरला तर थोडं जास्तच. तेच झाड थंडीत १ लिटरवर भागवतं.

पंचेचाळीस कुंड्यांमध्ये लहान-मोठी झाडं मिळून उन्हाळ्यात रोज ६० ते ७० लिटर पाणी लागेल असं धरा. गच्चीवरच्या टाकीचा तळ गच्चीपासून अडीच मीटर उंच असेल, तर अर्धा इंची पंधरा मीटर पाइपातून मिनिटाला ७-८ लिटर पाणी येतं. म्हणजे ७० लिटर पाणी यायला नऊ-दहा मिनिटं पुरतात. मग पाऊण तास कुठे जातो? झारी भरायला, खालच्या मजल्यावरच्या बाथरूममधून बादली आणायला, पाइपाची गाठ सोडवायला, मागच्या रांगेतल्या कुंडीपर्यंत वाकून पोहोचायला. जाते ती वेळ वाहतुकीची आहे, पाण्याची नाही. गच्चीवर नळ नसेल तर ठिबकचा विचार करण्याआधी प्लंबरकडून टाकीच्या आउटलेटला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून घ्या आणि तिथून पाऊण इंची पाइप बागेच्या मध्यापर्यंत आणा. पाऊण इंची पाइपातून, उंची तितकीच असताना, अर्धा इंचीच्या जवळपास तिप्पट पाणी वाहतं. शेवटचे पाच-सात मीटर हातात धरायला अर्धा इंची ठेवा. पिस्तुलासारखे स्प्रेगन इथे घेऊ नका. त्यांना पंपाचा दाब लागतो. गुरुत्वाच्या पाण्यावर त्यातून नुसती धार गळते. मोठ्या तोंडाची, बारीक भोकांची झारीची चाळण पाइपाला बसवली की पाणी मऊ पडतं आणि माती उडत नाही.

तुमचा स्वतःचा प्रवाह मोजून ठेवा. पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते एकदा घड्याळ लावून पाहा. दोन मिनिटं लागत असतील तर प्रवाह मिनिटाला साडेसात लिटर, म्हणजे २ लिटरच्या कुंडीवर पाइप सोळा सेकंद धरायला हवा. बहुतेक लोक चार-पाच सेकंद धरतात आणि पुढे सरकतात. अर्धा लिटर पाण्यात बारा इंची कुंडीचा वरचा दोन-अडीच इंचाचा थर ओला होतो, दिसायला सगळी कुंडी ओली वाटते आणि खालची मुळं कोरडीच राहतात. असं महिनाभर झालं की मुळं वरच्याच थरात गोळा होतात आणि झाड दुपारच्या उन्हात रोज माना टाकतं. मग संध्याकाळी पुन्हा पाणी घालावं लागतं. दिवसातून दोनदा पाणी घालूनही झाडं सुकतात, ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

आता कुंडीचा आकार, कारण खरी मेख इथे आहे. कुंडीत भरायच्या माती-खताच्या चांगल्या मिश्रणात, त्याच्या आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी झाडाला सहज घेता येईल असं साठतं. सहा इंची कुंडीत दोनेक लिटर मिश्रण बसतं, म्हणजे वापरण्याजोगं पाणी ४०० मिली. बारा इंचीत चौदा-पंधरा लिटर, म्हणजे ३ लिटर पाणी. पंधरा बाय पंधरा इंचाच्या ग्रोबॅगमध्ये, म्हणजे झाडं लावायच्या जाड पिशवीत, चाळीस लिटरच्या आसपास, म्हणजे ८ लिटर. मेमध्ये दिवसाला पावणेदोन लिटर पिणारा टोमॅटो आठ इंची कुंडीत लावला तर सकाळचं पाणी दुपारपर्यंतच टिकतं. ग्रोबॅगमध्ये लावला तर तो तीन-चार दिवस निभावतो. झाड तेच, ऊन तेच, पण एका घरात पाणी घालणं रोजची जबाबदारी होते आणि दुसऱ्या घरात दिवसाआड केलं तरी चालतं. पंचवीस लहान कुंड्यांऐवजी आठ मोठ्या ग्रोबॅग ठेवल्या तर तेवढीच पालेभाजी कमी कष्टात मिळते. स्लॅबवर वजन येतं, म्हणून मोठ्या ग्रोबॅग तुळयांवर किंवा भिंतीलगत ठेवा, आणि ओल्या मातीचं वजन लिटरमागे दीड ते पावणेदोन किलोपर्यंत धरा. हलक्या मिश्रणात ते एक किलोच्या आत येतं.

मिश्रणाबद्दल नेहमीची चूक म्हणजे नर्सरीतून आणलेली लाल माती किंवा शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरणं. काळी माती सुकली की आकसते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते आणि पुढच्या वेळी घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. भोकातून पाणी आलं म्हणजे कुंडी भिजली असं समजून माणूस पुढे जातो. गच्चीसाठी तीन भाग लाल माती, तीन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) हे प्रमाण बहुतेक झाडांना चालतं. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतं, पण त्याचे दोन स्वभाव माहीत हवेत. एक, त्याचा वरचा थर लवकर सुकून फिकट दिसतो आणि आत ओल असते. वरून पाहून पाणी घातलं की मुळं कुजतात. दुसरा त्याच्या उलट: एकदा पूर्ण कोरडं पडलं की ते पाणी झिडकारतं. अशी कुंडी उचलून टबात, मातीच्या पातळीपर्यंत पाणी घेऊन, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. वीस-तीस मिनिटं लागतात. मोठी कुंडी उचलता येत नसेल तर बारीक सळईने आठ-दहा भोकं पाडा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने थोडं थोडं पाणी तीन-चार वेळा द्या.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापराच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवर थांबतं. ओला, चिखलट थर तळाशी असायचा तो दोन इंच वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा किंवा नारळाच्या सोडणाचा एक तुकडा पुरेसा आहे.

पाणी कधी घालायचं हे ठरवायला मधलं बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. पहिल्या पेराला कोरडं आणि दुसऱ्याला गार-ओलसर लागलं तर भाजी आणि गुलाबाला आज पाणी, बाकीच्यांना उद्या. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, तिथे कबाबची बांबूची काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा. काडी जिथपर्यंत काळपट आणि माती चिकटलेली, तिथपर्यंत ओल. उचलता येणारी कुंडी एकदा भिजवून आणि एकदा सुकी असताना उचलून पाहिली की हाताला फरक कळतो, आणि मग बोटही घालावं लागत नाही. दोन खिळ्यांचे स्वस्त ओलावामापक मात्र घेऊ नका. ते ओल मोजण्याऐवजी मातीतून वीज किती वाहते ते मोजतात. खत घातलेल्या किंवा क्षार साठलेल्या मातीत ते कोरड्या कुंडीलाही ओली म्हणतात.

पाणी दोन फेऱ्यांत घाला. पहिल्या फेरीत प्रत्येक कुंडीला निम्मं. पूर्ण बाग फिरून आलात की पहिल्या कुंडीला दहा मिनिटं झालेली असतात, माती पाणी शोषून सैल झालेली असते. दुसऱ्या फेरीत उरलेलं निम्मं, भोकातून पेलाभर पाणी येईपर्यंत. एकदम ओतलेलं दोन लिटर पाणी कडेने निसटतं. दोन हप्त्यांतलं तेच पाणी मातीत राहतं. सकाळी सहा ते आठ ही वेळ सगळ्यात चांगली. दुपारी पानांवर थेंब राहिले तर ते भिंगासारखे तापून पानं भाजतात असं सांगितलं जातं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं, तेव्हा गुळगुळीत पानांवर तसं होत नसल्याचं दिसलं. दुपारी टाळायचं खरं कारण पाइपातलं पाणी आहे. एप्रिलमध्ये उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पाणी हात पोळेल इतकं तापतं, ते मुळांवर गेलं तर झाड बसतं. दुपारी पाणी द्यायचीच वेळ आली तर आधी ते बादलीत सोडून, हाताला गार लागल्यावरच कुंडीत घाला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवण्याची मात्र गरज नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन असतो, तो मातीत पडताच संपतो.

दुपारी दोन वाजता भोपळा, काकडी, हायड्रेंजिया यांनी माना टाकल्या तर लगेच झारी घेऊन धावू नका. पानांतून जाणारं पाणी मुळांच्या वेगापेक्षा जास्त झालेलं असतं, माती ओली असली तरी. संध्याकाळी सातला पाहा. तेव्हा पानं ताठ असतील तर काही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही माना खालीच असतील तर दोनच शक्यता: कुंडी तळापर्यंत कोरडी आहे, किंवा मुळं कुजली आहेत. दोन्हींत झाड सारखंच दिसतं, म्हणून काडी खोचून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये. मातीला आंबूस वास, खालची पानं पिवळी आणि मातीवर बारीक काळी चिलटं ही जास्त पाण्याची लक्षणं. घरात ठेवलेल्या कुंड्या पाण्याअभावी क्वचित मरतात. स्नेक प्लँट, झेडझेड, अडेनियम यांना थंडीत पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिलं तरी पुरतं.

आता ठिबक. शेतातल्या ठिबकचं साहित्य जळगाव, नाशिक, पुण्याच्या बाजारात सहज मिळतं, पण गच्चीवर दाबाचं गणित वेगळं असतं. दहा मीटर पाण्याची उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. शेतातले बहुतेक ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं, त्या दाबावर मोजलेले असतात. तुमच्या टाकीची उंची अडीच मीटर, म्हणजे पाव किलो दाब. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणून ताशी ४ लिटरचा ड्रिपर इथे साधारण २ लिटर देतो. हे चालतं. चालत नाहीत ते दाब समतोल राखणारे, म्हणजे पीसी ड्रिपर. इतक्या कमी दाबाला त्यांचा रबरी पडदा नीट काम करत नाही आणि कुठे पाणी, कुठे ठणठणाट अशी गत होते. दुकानात साधे, उघडून साफ करता येणारे ४ लिटरचे ड्रिपर मागा.

जोडणीचा क्रम असा ठेवा: टाकीचं आउटलेट, मग हाताने बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह, मग १२० मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा, स्क्रीन फिल्टर, मग टाइमर, मग १६ मिमीची काळी लॅटरल, म्हणजे कुंड्यांच्या रांगेतून जाणारी मुख्य नळी. फिल्टर टाइमरच्या आधीच हवा, नाहीतर टाकीतला गाळ टाइमरच्या व्हॉल्व्हमध्ये बसतो. टाइमर घेताना एकच गोष्ट विचारायची: आत बॉल व्हॉल्व्ह आहे की सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह)? सोलेनॉइडचा पडदा उघडायला ठरावीक किमान दाब लागतो आणि टाकीच्या पाण्यावर तो कित्येकदा उघडतच नाही, किंवा उघडला तर नीट मिटत नाही. बॉल व्हॉल्व्हचा टाइमर शून्य दाबालाही चालतो. दुकानदार त्याला झिरो प्रेशर टाइमर म्हणतात. लॅटरल कुंड्यांच्या रांगेमागून नेऊन शेवटी दुमडून आठच्या आकाराची क्लिप लावा. लॅटरलला पंचने भोक पाडून त्यात ४ मिमीच्या मायक्रोट्यूबचा जोड बसवा आणि ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला ड्रिपर. ट्यूबही काळीच घ्या, पारदर्शक ट्यूबमध्ये महिन्याभरात शेवाळ धरतं. लॅटरल बसवण्याआधी तासभर उन्हात पसरून ठेवली की सरळ बसते, आणि मायक्रोट्यूबचं टोक गरम पाण्यात बुडवलं की बोटं न दुखवता जोडावर चढतं.

ड्रिपर मातीत खोचू नका, खुंटीवर बोटभर वर ठेवा. पाणी बंद झाल्यावर नळी रिकामी होताना आत ओढ बसते आणि मातीत खोचलेला ड्रिपर गढूळ पाणी शोषतो. पंधरा दिवसांत तुंबणाऱ्या ठिबकचं बहुतेकदा हेच कारण असतं. उंचीकडेही लक्ष द्या. एक मीटर उंच स्टँडवरच्या कुंडीला अडीच मीटरपैकी दीडच मीटर दाब मिळतो, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा पाणी कमी. सगळ्यात खालच्या कुंडीला उलट नळीत उरलेलं पाणी फुकट मिळतं. म्हणून उंच कुंड्यांना ड्रिपर जास्त आणि सगळ्यात खाली पाणथळ स्वभावाचं झाड, म्हणजे अळू किंवा केळ. कोकोपीट जास्त असलेल्या हलक्या मिश्रणात थेंब पसरत नाही, सरळ खाली उतरतो. बारा इंची कुंडीला दोन आणि ग्रोबॅगला तीन किंवा चार ड्रिपर समोरासमोर द्यावे लागतात. एकूण साठेक ड्रिपर झाले, तर प्रत्येकी २ लिटरप्रमाणे ताशी १२० लिटर. तुमचे ७० लिटर पस्तीस मिनिटांत पोहोचतात. हा वेळ सलग देण्यापेक्षा सकाळी सहाला अठरा मिनिटं आणि सातला सतरा मिनिटं असा वाटा, पाणी जास्त पसरतं.

बसवून झालं की पहिला, शेवटचा, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचा, अशा चार ड्रिपरखाली भांडी ठेवून पंधरा मिनिटं चालवा. अर्धा अर्धा लिटर यायला हवं. पाचवा हिस्सा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर ड्रिपर वाढवा-कमी करा. बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांत ड्रिपरवर पांढरा थर बसतो. ड्रिपर उघडून लिंबूसत घातलेल्या पाण्यात रात्रभर टाकले की सुटतो. फिल्टरची जाळी दर आठवड्याला धुवा आणि लॅटरलचं शेवटचं टोक महिन्यातून एकदा मिनिटभर उघडं सोडा, आतला गाळ निघून जातो.

ठिबक सगळ्या पंचेचाळीस कुंड्यांना नको असं म्हटलं ते यासाठी, की सगळी झाडं एकाच मापाने पीत नाहीत. भाजी, गुलाब, जास्वंद, शेवंती एका लाइनवर घ्या. अडेनियम, बोगनवेल, कोरफड, सावलीतली शोभेची झाडं हातानेच. मोगरा आणि कुंडीतलं कागदी लिंबू तर टाइमरवर कधीच देऊ नये, कारण त्यांची फुलं पाणी तोडण्यावर येतात. आपल्याकडचे शेतकरी लिंबू, डाळिंब, संत्र्याला ताण देऊन बहार धरतात, तेच तत्त्व कुंडीत चालतं. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरपासून कमी करत न्या, जानेवारीत पानं मलूल होऊ लागली की छाटणी करा, माती हलवून दोन मुठी शेणखत आणि मूठभर नीमपेंड द्या आणि मग पाणी हळूहळू पूर्ववत करा. मार्चपासून कळ्या लागतात. वर्षभर टाइमरवर एकसारखं पाणी पिणारा मोगरा हिरवागार पानांचा होतो आणि फुलाला महाग होतो. बोगनवेलीलाही पानं किंचित लोंबेपर्यंत थांबून पाणी दिलं की रंग भरतो. कुंडीतल्या लिंबाला जमिनीतल्या झाडाइतका ताण सोसत नाही. पानं दुपारी वळू लागली आणि सकाळी सुधारत नाहीत अशी झाली की लगेच पाणी सुरू करावं.

मजा जाईल का, या प्रश्नाचं उत्तरही यात आहे. ठिबक असलेल्या बागा एका कारणाने हमखास बिघडतात: माणूस झाडांजवळ जात नाही. मार्च ते मे या काळात लाल कोळी ही बारीक कीड वांगी, भेंडी, गुलाबाच्या पानांखाली चार-पाच दिवसांत पसरते, आणि ठिबकचं पाणी पानाला कधी लागत नाही. हातात पाइप असलेला माणूस पान उलटून खालून पाणी मारतो, त्याने कोळी आणि मावा दोन्ही धुऊन जातात. म्हणून आठवड्यातून दोनदा टाइमर बंद ठेवून पाइप हातात घ्या. ज्याला पाणी घालायला आवडतं त्याने त्या दोन सकाळी घ्याव्यात, निवांत. पानं धुवावीत, पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाने पुसावा, बुडाशी गेलेली पानं काढावीत. ज्याला आवडत नाही त्याच्याकडे फिल्टर धुणं आणि बॅटरी बदलणं द्या. त्याच दोन दिवसांपैकी एक दिवस महिन्यातून एकदा क्षार धुण्यासाठी ठेवा. ठिबकवरच्या कुंडीतून पाणी बाहेर पडत नाही, त्यामुळे खताचे आणि पाण्यातले क्षार आतच साठतात, पानांच्या कडा करपतात, मातीच्या कुंडीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. फेब्रुवारी ते मे दर महिन्याला एकदा, कुंडीत जितकी माती आहे साधारण तितकं पाणी तीन टप्प्यांत देऊन भोकातून वाहू द्या. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी कुंड्यांना रोज घालू नये, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारविरहित असतं, ते बिनधास्त वापरा.

कुंड्यांखालच्या ताटल्या गच्चीवर काढूनच टाका आणि कुंडी विटेच्या तुकड्यांवर ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोहोचतो, आणि स्लॅबवर सतत ओल राहिली की खालच्या मजल्यावर ओघळ दिसतात. बाल्कनीत ताटली लागतेच. तिथलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या.

मातीवर दोन इंच आच्छादन घालायला विसरू नका. सुका पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या सोडणाचे तुकडे, काहीही चालतं. खोडापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. उन्हाळ्यात एवढ्याने दोन पाण्यांमधलं अंतर बऱ्याच कुंड्यांत एका दिवसाने वाढतं.

गावाला जाताना बाटली उलटी खोचण्याचा उपाय करू नका, ती काही तासांतच रिकामी होते. चार-पाच दिवसांसाठी मोठ्या ग्रोबॅगमध्ये बिनरंगाचा, वरून कसलाही लेप नसलेला छोटा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकण घाला. पाणी मातीच्या ओढीप्रमाणे पाझरतं. लहान कुंड्या उन्हातून काढून भिंतीच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा. आठ दिवसांहून जास्त जायचं असेल तर टाइमर निघायच्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी लावा, म्हणजे कुठला ड्रिपर तुंबतो आणि कुठली कुंडी तहानते ते तुम्ही घरी असतानाच कळेल. बॅटरी नवी घाला. टाकी आपोआप भरते की कुणाला मोटर लावावी लागते, हे तपासा. रिकाम्या टाकीवरचा टाइमर काही उपयोगाचा नाही. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगण्यापेक्षा दोन दिवसांतून एकदा ठरलेल्या एका ग्रोबॅगमध्ये बोट घालून ओल पाहायला सांगा, आणि कोरडं लागलं तर फोन करायला.

जूनमध्ये पाऊस नीट सुरू झाला की टाइमर बंद करा, पण छज्जाखालच्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांची लाइन चालू राहू द्या. त्यांच्यावर पाऊस पडत नाही. घनदाट पानांची जास्वंद किंवा केळ उघड्यावर असली तरी पावसाचं पाणी पानांवरून कुंडीबाहेर गळतं; भर जुलैत अशी कुंडी आतून कोरडी निघते. ऑगस्टमध्ये पाऊस आठ दिवस दडी मारतो तेव्हा आणि ऑक्टोबरच्या उन्हात टाइमर पुन्हा लावा, पण मेच्या निम्म्या वेळेवर.